वांग्यापुरता अग्नी

खराडीच्या ज्या रानात मुक्ताबाईंनी एकेकाळी ज्वारी खुरपली होती, त्याच रानावर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर त्या आता अंथरुणाला खिळून होत्या. ताप उतरून तीन आठवडे लोटले होते. पण जाताना तो अन्नावरची वासनाही घेऊन गेला होता. दोन घास झाले, की त्या मान फिरवत. सोमवारपर्यंत पोटात अन्न गेले नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. आज शुक्रवार होता.

त्यांचे यजमान सर्जेराव शेतकऱ्याच्या पोटी जन्मले, परंतु आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवीत आले. जे अग्नीला प्रज्वलित करते ते इंधन. देहातही जठराग्नी वसतो आणि अन्न हेच त्याचे इंधन, हे त्यांनी शेकडो विद्यार्थ्यांना समजावले होते. तोच अग्नी आपल्या घरात मंदावत चालला असता त्यांची सारी विद्या हात बांधून उभी होती.

सकाळी सून ऋचाने कामावर जाण्यापूर्वी भाकरी थापली, गॅसवर वांगे भाजून भरीत केले. मुक्ताबाईंनी ते जिभेला लावले आणि वाटी दूर सारली.

"ह्याला धग लागली, धूर न्हाई लागला. गवरीवरचं असतं, तर खाल्लं असतं बगा."

तीन आठवड्यांत त्यांनी प्रथमच काही मागितले होते. सर्जेरावांनी टोपी घातली आणि तडक कसबा पेठ गाठली. तेथील पूजासाहित्याच्या दुकानात गोवऱ्या मिळतात, एवढे त्यांना ठाऊक होते.

"कशासाठी हव्यात?" दुकानदाराने वर न पाहताच विचारले.

"अग्नीसाठी."

"अहो, गोवरी काय कुणी उशाला घेतं? अग्नी कसला, ते विचारतोय."

वांगे भाजायचे आहे, हे त्या देवाधर्माच्या दुकानात बोलवेना. "शुद्ध असावा, एवढंच," सर्जेराव म्हणाले.

दुकानदाराने चिमुकल्या, वाटोळ्या गोवऱ्यांचे पाकीट पुढे सरकवले. "ह्या घ्या. ह्याहून शुद्ध हव्या असतील, तर गाय पाळा."

इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या जागेत सर्जेरावांनी चार विटा मांडल्या. अग्नीची नावे त्यांना मुखोद्गत होती. चूल मात्र उभ्या जन्मात एकदाही पेटवली नव्हती. आईच्या चुलीत बाभळीचे सरपण असे, पुढे फरफर करणारा रॉकेलचा स्टोव्ह आला, मग सिलिंडर, आता नळातून येणारा गॅस. प्रत्येक ज्वाळेपुढे कोणी ना कोणी स्त्री बसलेली होती, आणि ते स्वतः ताटावर.

धूर पाहून वऱ्हाडातून आलेला रखवालदार पोपट धावत आला. "गुरुजी, सेक्रेटरीनं पायलं तं माही नोकरी जाईन!"

"होम चालला आहे म्हणून सांग."

"होमात वांगं?"

"भावना महत्त्वाची."

पोपट तोंडावर हात धरून हसला आणि वाऱ्याच्या बाजूला पत्रा आडवा धरून उभा राहिला. अर्ध्या तासाने वांगे काळे पडले. सर्जेरावांनी ते सोलले, तेल-मीठ घातले आणि भीतभीत वर नेऊन मुक्ताबाईंपुढे धरले.

त्यांनी बोटभर चाखले. मग त्यांचे खांदे हलू लागले.

"अवो, हे वांगं हाय का आरतीचं ताट? कापूर घातला व्हय ह्यात?"

सर्जेरावांनी पाकीट आणून पाहिले. गोवऱ्यांत तूप आणि भीमसेनी कापूर, असे त्यावर ठळक छापले होते. वाचण्यात जन्म गेलेल्या माणसाने नेमके तेवढेच वाचले नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. मुक्ताबाई मात्र हसत हसत उठून बसल्या.

"चला खाली. तुमच्या हातनं जाळ व्हायाचा न्हाई."

सर्जेरावांचा हात धरून त्या लिफ्टने खाली आल्या. पोपटने खुर्ची आणून ठेवली. मुक्ताबाईंनी आजूबाजूला नजर फिरवली. "त्यो गुलमोहर नगं, नुसता धुमसतो. ती सुबाभळीची वाळकी फांदी घ्या. गच्च भरू नगा वो! सरपणात पोकळी ठिवावी. वारं खेळलं न्हाई, तर जाळ गुदमरतो."

सर्जेरावांनी शिष्याच्या विनयाने एकेक काटकी उचलून सैल केली. ज्वाळा सरळ उभी राहिली. ती विझून निखारे झाले, तेव्हा मुक्ताबाईंनी त्यांत वांगे ठेवायला सांगितले. कधी परतायचे, तेही सांगितले. सालीला तडा जाऊन वास सुटताच त्या म्हणाल्या, "भाकरी आना वरनं. मीठ बी."

सर्जेराव लगबगीने वर गेले. डबा शोधण्यात, मिठाची वाटी भरण्यात थोडा वेळ गेला. परतले, तेव्हा खुर्चीजवळ फक्त साल आणि देठ पडले होते. मुक्ताबाई काळी झालेली बोटे चाटीत होत्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याआधी घास घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम कधी मोडला नव्हता.

"गरम व्हतं," त्या ओशाळून म्हणाल्या. "राह्यलंच न्हाई तुमच्यासाठी."

सर्जेरावांनी टोपी काढून डोळे पुसले आणि धुराला बोल लावला.

"उभं काय राह्यलात? ती भाकरी द्या हिकडं," मुक्ताबाई म्हणाल्या, "आन् दुसरं वांगं घाला."