जादूगाराने फासा टाकला

मित्रांनो, मला तळहातावर घेतलंत तर आधी माझं वजन जाणवेल. मी एक जुना फासा आहे, पण लाकडाचा किंवा प्लास्टिकचा नव्हे, भिलाईच्या पोलादाचा. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहणाऱ्या अरुणकुमारच्या मामांनी परदेशातून एक खेळ आणला होता. टेबलाभोवती बसायचं, कुणी पहारेकरी व्हायचं, कुणी वैद्य, कुणी जादूगार, आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. त्याचे फासे प्रवासातच हरवले. मग अरुणकुमारची मैत्रीण नलू हिने बाबांना गळ घातली. तिचे बाबा गुलाबराव पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये, सुटे भाग घडवायच्या विभागात, कामाला होते. त्यांनी सळईच्या उरलेल्या तुकड्यातून मला घडवलं. एकाचा ठिपका खोल पाडला, सहाचे उथळ पाडले, म्हणजे कोणतीच बाजू हलकी राहू नये. इतक्या निगुतीने घडलेला फासा मी तरी दुसरा पाहिला नाही!

गोष्ट नलू चालवायची. पुस्तकातले जादूगाराचे नियम कोणाच्याच पचनी पडेनात, तेव्हा मुलांनी आपले आपण केले. टाउनशिपमधली मुलं ती. साहेब बोलले की काम होतं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. जादूगार म्हणजे मोठा साहेब, असं एकमताने ठरलं. त्याने मंत्र म्हटला की काम फत्ते.

अरुणकुमार जादूगार झाला आणि त्याला मोकळं रानच मिळालं. आग तोच लावायचा, जखमा तोच भरायचा, कुलपंही तोच उघडायचा. पहारेकरी झालेली रत्नमाला तलवारीचा वार लागतो का ते पाहायला मला टाकायची, तोवर राक्षसाची राख झालेली असायची.

एका रविवारी तिने मला टेबलावर आपटलं.

"मी नाई खेळत आता. माह्या तलवारीचं कामच नाई पडत. हा फासाच खोटा हाय, याले भंगारात टाका."

ती चपला घालू लागली. वैद्य झालेली वसुंधरा तिच्याचसोबत यायची, तीही उठली. त्या दोघी गेल्या असत्या तर खेळ संपला असता आणि माझी रवानगी भंगारात झाली असती. मला फार लागलं. खोटा म्हणावं, तेही मला!

नलूने दोघींना थांबवलं. तिने मला पुन्हा पुन्हा टाकलं. सगळे आकडे आले, कुणाचा लाड नाही. मग ती अरुणकुमारकडे वळली.

"तू याले कधी टाकलं?"

 अरुणकुमारने मला कधी हातही लावला नव्हता.

"आता मंत्रालेही फासा टाका लागन," नलू म्हणाली. "आन् आग का औषध, एकच निवड. निवडलं त्यात तू आमच्याहून भारी. पन दोन मंत्र झाले का आराम, ड्यूटीवरून आल्यासारखा."

"मंग जादूगार होऊन माहा काय फायदा?" तो फुरंगटला. पण शेवटी त्याने आग निवडली. औषध वसुंधराकडे गेलं.

गोष्टीत गुहेचं दार मोडून राक्षस आत शिरला. अरुणकुमारने मला पहिल्यांदा टाकलं. एक पडला. आग विझली. 

"रत्ने, सामोर ये ना," तो हळूच म्हणाला. "मले वाचव."

रत्नमाला चपला तशाच पायात ठेवून बसली आणि तिने मला घट्ट मुठीत धरलं. चार पडले. तेवढे पुरले. मग खेळ इतका रंगला, की त्या संध्याकाळी तिला घरी न्यायला तिच्या आईला यावं लागलं. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान.

पुढे मुलं शिकायला नागपूर-रायपूरला पांगली. मी नलूच्या शिवणाच्या डब्यात पडून आहे आणि माझ्या कोपऱ्यांवर गंज चढला आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यांना अधूनमधून तेलाचं बोट लावत जा. आणि कुणी खेळातून रुसून उठलं, तर फासा भंगारात टाकायच्या आधी एवढं पाहा, की असा कोण आहे ज्याला तो टाकावाच लागत नाही.