नापास गाईचा वळू

मी एक म्हातारा, देवणी जातीचा वळू आहे. बीदरकडच्या चिंताकी गावात बाणूबाईच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली मी बांधलेला असतो. अंग पांढरे, तोंड काळे. या रंगाला आमच्याकडे वानेरा म्हणतात. आता माझे दात झिजले आहेत आणि कडबा बारीक कुटून घातला तरच मला चावता येतो. शाळेत जाणारी मुले माझ्या वशिंडावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "किती गरीब हाय की!" मित्रांनो, मी गरीब नाही. मी एका माणसावर बारा वर्षे डूख धरून होतो. गुरे विसरतात, असे माणसांना वाटते, ते साफ खोटे आहे. माझी हकीकत ऐका, म्हणजे कळेल.

माझ्या आईचे नाव आंबी. बाणूबाईच्या लग्नात तिचे वडील लिंगाप्पा यांनी आंदण दिलेली ती कालवड. लिंगाप्पा मेंढरे राखणारा माणूस, पण लेकीला मेंढी न देता त्याने गाय दिली, कारण जावयाच्या घरी थोडी शेती होती. आंबीने ते घर दुधाने भरून टाकले. दोन वेळचे मिळून सहा-सात लिटर दूध ती देत असे. पण तिची एक अट होती. आधी वासरू सोडायचे, त्याने चार ढुसण्या द्यायच्या, तिने त्याला चाटायचे, मगच ती पान्हवायची. वासरू समोर नसले तर ती पान्हा चोरायची, म्हणजे दूध वर ओढून घ्यायची. बाणूबाईला यात नवल वाटत नसे. ती म्हणायची, "लेकराचं आहे, लेकराला विचारूनच देणार की."

बाणूबाईच्या नवऱ्याचे नाव पिराप्पा. उंच, सरळ आणि थोडा भोळा. म्हैसूर राज्याच्या काळातली गोष्ट आहे. कमलनगरकडे जाणाऱ्या वाटेवर एक सरकारी पशुकेंद्र निघाले. त्याचे नाव मी घेणार नाही. गुरांना काय खाऊ घातले तर दूध किती वाढते, हे तिथे मोजायचे होते, आणि निवडक गाईंची चांगली वासरे तयार करून गावोगाव द्यायची होती. काम चांगले होते, हे मी नाकारत नाही. तिथले डॉक्टर अच्युतराव जीपने गावोगाव फिरून नामी गाई मागत होते. पिराप्पाची छाती फुगली. "माझी आंबी न्या," तो म्हणाला. तिच्यासोबत त्यालाही तिथे गोठ्यावर काम मिळाले. बाणूबाईच्या मनात नव्हते. "माझ्या माहेरची गाय हाय. कामून द्यायलाव?" तिने विचारले. "सरकारात नाव निघंल तिचं," पिराप्पा म्हणाला. आंबी गेली तेव्हा तिच्या पोटात मी होतो.

माझा जन्म त्या केंद्रात झाला. आईने माझ्या कपाळावरून एकदा जीभ फिरवली. दुसऱ्यांदा फिरवायच्या आत मला उचलून भिंतीपलीकडे नेले. अच्युतरावांचा तसा नियमच होता: वासरू जन्मताच वेगळे करायचे, दूध बादलीत काढायचे, मोजायचे, आणि ठरलेले माप वासराला पाजायचे. बादलीतून प्यायला शिकवण्यासाठी डॉक्टर आपली बोटे दुधात बुडवून माझ्या तोंडात घालत. फिनेल आणि तपकीर यांचा वास होता त्या बोटांना. मी ती बोटे चोखली. मित्रांनो, याची लाज मला अजून वाटते. भिंतीपलीकडून आई हंबरत होती आणि मी तिच्या वैऱ्याची बोटे चोखत होतो. नंतर त्यांनी माझ्या कानात पत्र्याचा बिल्ला टोचला. त्याच्यावर त्रेसष्ट हा आकडा होता.

केंद्रात गाईंच्या दोन रांगा होत्या. एका रांगेला नुसता कडबा, दुसरीला कडबा, हिरवा घास, करडईची पेंड आणि तुरीची चुणी. दोन्ही रांगांचे दूध मोजून पेंडीचा गुण सिद्ध करायचा होता. बाकीच्या बहुतेक गाई पहिलटकरणी, केंद्रातच वाढलेल्या. त्यांना वासराची सवयच लागली नव्हती, त्यामुळे त्या बादलीत दूध देत. माझी आई तिसऱ्या वेताची आणि घरची. ती होती पेंडीच्या रांगेत. सगळ्यात चांगले खाणे तिला, आणि दूध सगळ्यात कमी! कधी अर्धा लिटर, कधी तेवढेही नाही. एकट्या तिच्यामुळे अख्ख्या रांगेची सरासरी खाली आली.

पिराप्पा रोज सांगे, "डाक्टरसाब, गाय पान्हा चोरायली. वासरू सोडा, मग बगा."

"एका गाईसाठी नियम मोडला तर प्रयोग कसला राहिला, पिराप्पा?" डॉक्टर म्हणत. ते रागावत नसत. हसून सांगत आणि पुढच्या गाईकडे जात.

एका मंगळवारी डॉक्टर बीदरला बैठकीला गेले होते. पिराप्पाने मला सोडले. मी धावत आईपाशी गेलो. तिने मला हुंगले, शेपटीपासून कानापर्यंत चाटले, आणि मी तिच्या कासेला तोंड लावले. माझ्या आयुष्यात मला आईच्या कासेचे दूध तेवढे एकदाच मिळाले. दोन्ही बाजूंनी फेस गळत होता. मग पिराप्पाने मला बाजूला धरले आणि धारा काढल्या. बादली काठोकाठ भरली. त्याने ती काट्याला टांगली आणि डॉक्टरांची वाट बघत उभा राहिला, एखाद्या मुलाने पहिला नंबर आणावा तसा.

जीप आली. डॉक्टरांनी बादली पाहिली, काटा पाहिला, मग माझ्या तोंडावरचा फेस पाहिला. ते बघणे मी नीट ध्यानात ठेवले आहे. मग ते म्हणाले, "दुसऱ्या गाईचं दूध ओतलंस यात."

"न्हाई साब. हिचंच हाय."

"खोटं बोलू नकोस."

पिराप्पाने कमरेची पिशवी सोडली. त्यात खंडोबाचा भंडारा असतो. आमच्या लोकांत भंडारा उचलून बोललेला शब्द म्हणजे शेवटचा. त्यावर कोणी शंका घेत नाही, वैरीसुद्धा घेत नाही. पिराप्पाने चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला, हात पुढे केला आणि म्हणाला, "भंडारा उचलून सांगतो. एक थेंब दुसऱ्या गाईचा असंल तर माझं वाटोळं हुईल."

"भंडाऱ्यानं काटा हलत नसतो," अच्युतराव म्हणाले. सगळ्या गोठ्यासमोर म्हणाले.

त्याच दिवशी पिराप्पाचे काम गेले. रजिस्टरात माझ्या आईच्या नावापुढे तांबड्या शाईने लिहिले गेले: चारा खाते, दूध देत नाही, कळपातून काढावी. माझ्याकडे बघून डॉक्टर म्हणाले, "हाही काढा. खाण तशी माती." आठवड्याच्या आत आईचा लिलाव झाला. त्याची वर्दी पिराप्पाला वेळेवर कोणी दिली नाही. तो धावत आला तेव्हा व्यापाऱ्याने तिला बाजाराकडे हाकलले होते. ती कुठे गेली हे आम्हाला कधीच कळले नाही. मी तेवढा उरलो होतो, कारण मला कोणी घेतले नव्हते. पिराप्पाने मला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतले आणि चिंताकीपर्यंत चालत आणले.

बाणूबाईने मला दुसऱ्या गाईला लावले, ताक-भाकरी चारली, वाढवले. मला खच्ची करा, असे पुष्कळ जण म्हणाले. "न्हाई," ती म्हणायची, "आंबीचं बी बुडू द्यायचं न्हाई." मी गावचा वळू झालो. माझ्या लेकी चरव्या भरभरून दूध देऊ लागल्या, आणि माझे लेक बैलगाडीला जुंपले की मागे वळून बघत नसत. लोक माझे कौतुक करत, पोळ्याला माझी शिंगे रंगवत. पण पिराप्पा बदलला. पारावर कोणी काही विचारले तर तो म्हणे, "मला कामून इचारायलाव? मी तर खोटारडा." भंडाऱ्याची पिशवी त्याने खुंटीला टांगली, ती पुन्हा कमरेला बांधली नाही. नवव्या वर्षी तापाने तो गेला. जाईपर्यंत त्याने त्या केंद्राच्या वाटेवर पाऊल टाकले नाही. मीही तेव्हाच ठरवले, की तो फिनेलचा आणि तपकिरीचा वास पुन्हा एकदा माझ्या टप्प्यात यावा, एवढेच मला हवे.

आणि तो आला! देवाच्या घरी उशीर असतो म्हणतात, ते खोटे नाही.

बारा वर्षे झाली होती. मधल्या काळात राज्याचे नाव बदलून कर्नाटक झाले होते. केंद्रात परदेशी वळूंची पैदास वाढली, पण त्या गोऱ्ह्यांना वशिंड नव्हते, त्यामुळे खांद्यावर जू टिकेना, आणि आमच्याकडचे ऊनही त्यांना सोसेना. मग वरून हुकूम आला, की चांगले देवणी वळू शोधा. कोणीतरी चिंताकीच्या वळूचे नाव सांगितले. एका दुपारी दारात जीप थांबली. केस पांढरे झालेले अच्युतराव उतरले. सोबत त्यांचा कंपाउंडर हावगेप्पा होता. डॉक्टरांनी मला ओळखले नाही. ते खूश होऊन पुढे आले, "वा, काय जनावर आहे!" म्हणाले, आणि त्यांनी माझ्या तोंडापुढे हात धरला.

तीच बोटे. तोच वास.

दावे कसे तुटले ते मला आठवत नाही. हावगेप्पा जीपमध्ये शिरला. डॉक्टरांची टोपी माझ्या शिंगाला लागून उडाली. अंगणात कडब्याची गंज रचलेली होती. त्या वयातही ते तिच्यावर खारीसारखे चढले. मी खाली उभा राहून खुराने माती उकरत होतो. गाव जमा झाले. पोरे हसत होती. मित्रांनो, खरे सांगतो, इतका आनंद मला पोळ्यालाही कधी झाला नव्हता.

"बाई, वळू आवरा!" डॉक्टर वरून ओरडले.

बाणूबाई ओसरीवर तूर पाखडत होती. ती सावकाश उठली. "आवरते की. काय पायजे तुमाला?"

"हा वळू. सरकारला हवा आहे. याची आई कोणती? दूध किती देत होती?"

"तुमच्याच रजिस्टरात हाय. तांबड्या शाईनं लिवलाव तुमी. कानातला बिल्ला वाचा."

मी मान हलवत होतो, त्यामुळे त्यांना वेळ लागला. आकडा दिसला तसा त्यांचा चेहरा उतरला.

बाणूबाईने माझी एक लेक, नुकतीच व्यालेली, गंजीखाली आणून उभी केली. वासरू आत कोंडून ती धारा काढायला बसली. चरवीत बुडाला चार शिंतोडे पडले. तिने चरवी उचलून वर दाखवली. "हे तुमचं माप." मग तिने वासरू सोडले. गाईने ते चाटले, त्याने ढुसण्या दिल्या. थोड्या वेळाने बाणूबाईने पुन्हा धारा काढल्या. चरवी भरली, दुसरी मागवावी लागली. "आन् हे पिराप्पाचं."

गर्दीतले हसणे थांबले होते.

डॉक्टर म्हणाले, "बाई, माझी चूक झाली. पिराप्पाला बोलवा. सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो."

"कुटून बोलवू? तो मातीत जाऊन तीन वर्सं झाली."

डॉक्टर हळूच म्हणाले, "मला खरंच तेव्हा कळलं नव्हतं हो."

बाणूबाई घरात गेली. खुंटीवरची पिशवी घेऊन आली. तळहातावर भंडारा घेतला आणि हात वर केला. "डाक्टरसाब, उचला भंडारा. कळलं नव्हतं म्हणून सांगा. मी लगेच वळू आवरते, आन् तुमच्या जीपीला मागं बांधून देते."

डॉक्टरांनी वाकून हात पुढे केला. बोटे भंडाऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. सगळे गाव बघत होते. मीही बघत होतो. त्यांनी हात मागे घेतला.

"वासराच्या तोंडाला फेस होता," ते म्हणाले. "बादली बघितली तेव्हाच कळलं होतं. पण आकडे बेंगळूरला जाऊन पोचले होते. ते चुकीचे आहेत असं कोणत्या तोंडानं कळवणार होतो?"

"म्हणून माझ्या मालकाला खोटारडा केलाव."

"हो."

"लिवा मग."

कडब्याच्या गंजीवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिले: आंबी गाईचे दूध कमी नव्हते, मोजण्याची रीत चुकीची होती, पिराप्पाने खरे सांगितले होते. शाळेच्या मास्तरांनी, बंडोपंतांनी, ते मोठ्याने वाचून दाखवले. बाणूबाईने पदराने डोळे पुसले नाहीत. तिने फक्त माझा कासरा ओढला. मी बाजूला झालो. माफ केले म्हणून नव्हे, तिने ओढले म्हणून.

मला तिने त्यांना दिले नाही. "वळू हितंच राहील. तुमच्या गाई घिऊन या. येताना वासरं संगं आणा," तिने बजावले. तेव्हापासून त्या केंद्राच्या गाई चार कोस चालून चिंताकीला येतात, आणि प्रत्येकीच्या मागे तिचे वासरू असते. हावगेप्पा सांगतो, की तिकडे आता वासरू पाजल्यावाचून कोणी बादली काट्याला लावत नाही. हा माझा सूड आहे, आणि तो रोज सकाळ-संध्याकाळ घेतला जातो.

तरी एक सांगतो. वाटेवर धूळ उडाली, की मी अजूनही मान वर करतो. येणाऱ्या प्रत्येक गाईचे तोंड निरखून बघतो. कागदावर आई पास झाली, दारात मात्र ती आली नाही.

मित्रांनो, तुम्ही शिकाल, मोठे व्हाल, तुमच्याही हातात एखादा काटा येईल. जरूर मोजा. पण कोणाला नापास करण्याआधी त्याच्याजवळून आपण काय काढून घेतले आहे, ते एकदा बघा. आणि आकडा चुकला असे कळले, तर त्याच दिवशी सांगा. बारा वर्षांनी सांगायला आलात, तर ऐकायला वळू तेवढा उरलेला असतो.