तीन बोटं

बळीराम काही कुणाचं ऐकून घेणारा माणूस नव्हता. गावच्या प्रत्येक मोर्चात सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. तोंडाचा कॅन्सर झाला, जीभ वळेनाशी झाली, आणि पनवेलचा अख्खा गोतावळा सल्ले द्यायला धावला. बिचाऱ्यांना इतकी वर्षं संधीच मिळाली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं. गाठ जबड्याच्या मागे पसरली आहे, ऑपरेशन होणार नाही. रेडिएशनचा शेक देऊ, सोबत केमो. बरे व्हालच असा शब्द देत नाही. पण गाठ आटेल, दुखणं उतरेल, दिवस मिळतील. फक्त मध्ये खाडा नको.

घरी पोचेपर्यंत त्याचं 'डॉक्टरनं हात टेकले' झालं. आपल्या लोकांना कापल्याशिवाय इलाज झाल्यासारखा वाटत नाही, आणि कापायचं म्हटलं की आधी तेच पळ काढतात. तळोज्याच्या व्याह्यांनी काढा आणला. शेक सुरू झाल्यावर धाकट्या भावानं, जगननं, तर परस्पर वैद्यच ठरवला.

"सोमवारी गाडी काढतो. शेकानं दादाचं तोंड भाजलंय, गिलता येत नाय," जगन म्हणाला आणि मावा थुंकायला अंगणात गेला. परत येऊन म्हणाला, "वयनी, आपला मानूस आपुनच जालायचा काय?" मग पुन्हा थुंकायला गेला. मंडळींनी माना डोलावल्या.

"सोमवारी शेक हाय, चुकवायचा नाय," भामा म्हणाली. नवऱ्याच्या आजारात बायकोचं ऐकायची आपल्यात पद्धत नाही, तेव्हा कुणी ऐकलं नाही.

बळीराम खाटेवरून सगळं ऐकत होता. तोंड भाजलं होतं हे खरं. पण कानातला ठणका उतरला होता आणि कित्येक दिवसांनी त्याला झोप लागली होती. त्याला जगायचं होतं, जमेल तेवढं.

जगन आत येताच तो उठला. तीन बोटं जुळवून भावाच्या तोंडासमोर उभी धरली. भामाला लगेच कळलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी हेच करायला लावलं होतं. धड तोंडात उभी तीन बोटं मावतात. बळीरामच्या तोंडात एकच मावलं होतं.

"भावजी, तुमी घालून बगा," ती म्हणाली.

जगननं हसत आ केला. दोन बोटं कशीबशी गेली. तिसरं घुसवताना डोळ्यांत पाणी आलं.

"वरीस झालं, तिखट झोंबतंय," तो पुटपुटला. "मी म्हटलं, उष्णता असंल."

व्याह्यांनी आपली बोटं हळूच खिशात घातली. सल्ले एकदम संपले. बळीरामनं भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. स्वतःच्या आजारात तो रडला नव्हता, आता रडला.

सोमवारी जगननं गाडी काढली ती दवाखान्याकडे. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंट कोण?"

जगननं सवयीनं दादाकडे हात केला.

"दोगं," भामा म्हणाली.