जरा नेट लाव

दिघीच्या जेट्टीवर लाँचची तिकिटं फाडणाऱ्या सिद्धेशनं २००८ साली मोबाइल घेतला, आणि त्यात इंटरनेट होतं. आख्ख्या बौद्धवाडीत पहिलं! त्यावर तो काय बघायचा? क्रिकेटचा स्कोअर, नट्यांचे फोटो आणि दर आठवड्याला नवी रिंगटोन. हसू नका, आपणही तेव्हा फार थोर काही करत नव्हतो.

त्याच वाडीतली भिमाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. तिच्या मुलीनं, दीक्षानं, बारावीनंतर सरकारी नर्सिंगसाठी अर्ज केला होता. निवडयादी फक्त इंटरनेटवर लागणार होती आणि लागल्यापासून चार दिवसांत कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं. नाहीतर जागा दुसऱ्याला. सायबर कॅफे माणगावला, म्हणजे एसटीनं जाऊन येऊन सबंध दिवस मोडायचा. म्हणून भिमाबाई अर्जाच्या नंबराची चिठ्ठी घेऊन तिकिटाच्या खिडकीशी आली.

"सिद्धेशा, तुज्या मोबाइलात नेट हाय म्हनं. मंग जरा नेट लाव की, बाबा."

सिद्धेशला हसू फुटलं. नेट लावायला ही काय चिखलात रुतलेली होडी आहे! रांगेतल्या दोघांनाही त्यानं हा विनोद ऐकवला आणि चिठ्ठी खिशात टाकली. भारताचा सामना चालू होता, शेवटची सहा षटकं उरली होती. अर्ध्या तासानं भिमाबाईनं पुन्हा विचारलं, तेव्हा मान वर न करता तो म्हणाला, "बघितलं, आत्ये. यादी अजून लागली न्हाय."

त्यानं बघितलंच नव्हतं. दोन दिवसांनी तिनं परत विचारलं, तेव्हाही त्यानं तेच सांगितलं. खोटं एकदा बोललं की दुसऱ्यांदा जीभ अडखळत नाही.

आठवड्यानं दीक्षा स्वतःच माणगावला गेली. यादीत तिचं नाव होतं. हजर व्हायची मुदत मात्र आदल्या दिवशी संपली होती.

दुसऱ्या दिवशी भिमाबाई पुन्हा खिडकीशी आली. तिच्या हातात सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची पुडी होती. "तुला उगाच तरास दिला," ती म्हणाली. "तुजा काय दोस न्हाय. मशीनच ती, चुकायचीच."

ती शिव्या देती तर बरं झालं असतं. सिद्धेशनं पुडी घेतली, पण त्याला तिच्याकडे बघवेना. ती गेल्यावर त्यानं खिशातली चुरगळलेली चिठ्ठी काढली आणि नंबर टाकला. दोन मिनिटांत अक्षरं उमटली: निवड झाली आहे. दोन मिनिटं! एका षटकाला याहून जास्त वेळ लागतो. त्याला स्वतःची शरम वाटली.

दुपारची लाँच सुटताच तो पुडी घेऊन भिमाबाईच्या घरी गेला आणि उंबऱ्याशी उभा राहूनच त्यानं सगळं कबूल केलं. बोलली ती दीक्षा.

"दादा, मी माणगावला निघाले होते. आईनं थांबवलं. म्हणाली, सिद्धेशनं बघितलंय. तू 'वेळ नाही' म्हणाला असतास, तर मी गेले असते."

सिद्धेशनं पुडी उंबऱ्यावर ठेवली.

"वाडीत नेट एकट्या तुझ्याकडं हाय. पाणी एकाच्याच हातात असलं की बाकीच्यांचं काय होतं, हे आपल्या माणसांनी विसरायचं?"

हे त्याला लागलं. पाणवठ्यावर लांब उभं केलेल्या आज्याची गोष्ट तो लहानपणापासून ऐकत आला होता. आज वाडीच्या पाण्यावर तोच पहारा देऊन बसला होता, आणि कशासाठी? तर स्कोअरसाठी!

सोमवारी तिकिटाच्या खिडकीवर पुठ्ठा लागला: 'निकाल, याद्या, अर्जाच्या तारखा मोबाइलवर बघून मिळतील.' सातबारापासून वादळाच्या इशाऱ्यापर्यंत काय काय विचारायला लोक येऊ लागले. त्या एवढ्याशा डबीत इतकं होतं, हे सिद्धेशलाही तेव्हाच कळलं. दिसलं नाही तर तो तसं सांगायचा, आणि बघितलं नसेल तर तेही सांगायचा.

दीक्षाचं वर्ष काही परत आलं नाही. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज केला. यादीच्या दिवशी रेंज गेली, तेव्हा सिद्धेश जेट्टीच्या टोकाला जाऊन हात उंच करून उभा राहिला. मागे भिमाबाई वाट बघत होती.

"लागला का रं?"

"लावतोय, आत्ये," तो म्हणाला. "या वेळी मीच लावतोय."

मित्रहो, यंत्रात ताकद कितीही असो, नेट माणसालाच लावावा लागतो. आणि ज्याच्या हातात यंत्र आधी येतं, त्यानं तो दुसऱ्यासाठी लावायचा असतो.

पान उघडलं. दीक्षाचं नाव होतं.