फणीचा तुटका दात

अट चौथी : माल जिल्ह्यातच तयार झाला असल्यास त्याला पहिला मान.

एवढं मोठ्याने वाचून तपासनीसांनी मागाकडे पाहिलं.

नुसती चौकट. ताण्याचे उभे धागे नाहीत, ते ओवायची फणी नाही.

"नजीरमियाँ, हा माग शेवटचा कधी चालला?"

"थान उतरलं की आम्ही फणी काढून ठेवतो, साहेब. नवा ताणा चढेपर्यंत. वडिलांपासूनची रीत."

"सोयीची रीत आहे."

(साल १९३८. सरकारी दवाखान्याच्या चादरींचं कंत्राट. काम मिळालं तर माग राहील. नाहीतर नजीर उद्यापासून देवळाली कॅम्पात हमाल.)

तपासनीसांनी नमुन्याची चादर उलगडली. खळ दिलेली, लाकडी मोगरीने कुटून गुळगुळीत केलेली. नजीरची बायको हाजरा दोन दिवस कुटत होती.

"ही हातमागाची? मागच्या आठवड्यात एका शहाण्याने मुंबईच्या गिरणीचा माल नाशिकचा म्हणून असाच पुढे केला होता."

"विणून दाखवतो."

"किती वेळ?"

"ताणा चढवायला दीड दिवस."

"माझी मोटर तासाभरात सुटते."

पेन उघडलं. यादीत नजीरच्या नावावर टोक टेकलं आणि—

"थांबा साहेब."

नजीरने हाजराकडे पाहिलं. तिला कळलं. ती मान हलवू लागली. नाही. नाही.

कारण अट सहावी : विणीत दोष नसावा. कारण फणीचा एक दात तुटका. कारण त्या दातापाशी प्रत्येक चादरीत उभी विरळ रेघ पडते, आणि ती बुजवायलाच तर—

"अहो, नका!"

नजीरने पाण्याचा तांब्या चादरीवर ओतला. चोळली. खळ दुधासारखी निघाली. चादर उजेडाला धरली.

रेघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग भिंतीतल्या देवळीतून फडक्यात बांधलेली फणी काढली, चादरीवर ठेवली. तुटका दात बरोबर रेघेवर.

"गिरणीत आहे का अशी फणी?"

तपासनीस हसले नाहीत. काठापासून रेघेचं आणि दाताचं अंतर पट्टीने मोजलं. दोनदा.

"स्थानिक : होय." लिहून झालं. "आणि सहावी अट?"

त्यांनी फणी उचलून तुटक्या दातावरून बोट फिरवलं.

"दात बसवता येतो?"

"फणीवाला वारला, साहेब."

"मी बसवते," हाजरा म्हणाली.

"तू?" नजीर.

"दोन वर्षं तुमच्या चादरी कुटतेय. त्याहून सोपंच असेल."

"सोमवारी बारापर्यंत," तपासनीस उठले. "हातभर नमुना पुरे. रेघ दिसली तर नाव खोडीन. आणि बाई, यावेळी कुटू नका."

शनिवारचे बारा वाजले होते. ताण्याला दीड दिवस. ताणा ओवायचा फणीतून. म्हणजे आधी दात.

नजीर ताण्याचे खुंट ठोकायला धावला. हाजराने टोपलीतली एक बांबूची कामटी उपसली आणि विळीवर तासायला घेतली.

मोडली.

तिने दुसरी उपसली.