तीन गोलांचा मानकरी

"बिरप्पा, तूच सांग की त्यास्नी," श्रीशैल माझा दंड धरून म्हणाला. "तुझ्यावरच गेलेत न्हवं ते गोल?"

"मी कशाला सांगू? आत जा, शाल घे, नारळ घे आन् गुमान घरी चल."

सभागृहाच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही दोघं उभे होतो. आत स्पीकरवर सनई लागली होती आणि मंचावरच्या फलकावर श्रीशैलचा फोटो होता, खाली मोठ्या अक्षरांत 'वर्षातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू'. शहरातले पत्रकार दरवर्षी मतं देऊन हा पुरस्कार ठरवतात. यंदा श्रीशैलला इतकी मतं पडली की दुसऱ्या क्रमांकाचं नाव जाहीर करायलाही त्यांना संकोच वाटला.

मी त्याच्याच क्लबचा गोलकीपर. एरवी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग दुरुस्त करतो. श्रीशैल माझ्यापुढे डावीकडे बचावाला खेळतो. वीस वर्षं त्याची पाठ बघतोय, त्यामुळे अधिकारानं सांगतो, या मोसमात त्यानं तीन गोल केले आणि तिन्ही आमच्याच जाळ्यात. पहिला त्याच्या गुडघ्याला लागून गेला, दुसरा तो चेंडू मला परत द्यायला गेला तेव्हा. तिसरा मात्र हेडर होता, आणि असा देखणा हेडर आमच्या एकाही फॉरवर्डला जन्मात जमलेला नाही. मी नुसता बघत राहिलो.

आता हे पत्रकारांना कसं कळावं? सोलापुरात फुटबॉल बघायला येतात कोण, तर खेळणाऱ्यांचे भाऊ आणि मैदानाबाहेर चहाचा गाडा लावणारा मल्लप्पा. क्रीडा वार्ताहर कुंडलिकराव कचेरीतूनच मल्लप्पाला फोन लावत. "निकाल काय? गोल कुणी केले?" मल्लप्पा गाळणीतून चहा ओतता ओतता खरं तेच सांगे. दुसऱ्या दिवशी पेपरात निकाल, आणि खाली गोल करणाऱ्यांची नावं एका ओळीत. कोण कुठल्या बाजूचा आणि गोल कुठल्या बाजूला झाला, हे विचारायला कुंडलिकरावांना सवड नसे. बाकीचे पेपर ती बातमी जशीच्या तशी उचलत. मतदानाची वेळ आली तेव्हा साऱ्या पत्रकारांना तीनदा छापून आलेलं एकच नाव आठवलं. बचावाच्या खेळाडूनं वीस वर्षं गोल वाचवले तर त्याचं नाव येत नाही. श्रीशैलनं वाचवायचे सोडून तीन घातले आणि नशीब उघडलं.

मला हेवा वाटला का? वाटला. माझंही नाव कधी छापून आलेलं नाही. पण श्रीशैलची अडचण वेगळी होती. त्याचे वडील पहिल्या रांगेत येऊन बसले होते.

सिद्धलिंगप्पांचं नव्या पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान. श्रीशैल तिथंच गल्ल्यामागे बसतो. "बॉलला लाथा मारून कुणाचं प्वाट भरलंय?" हे वाक्य आप्पांनी दर रविवारी, तो बूट घेऊन निघाला की, न चुकता म्हटलेलं. मैदानाकडे ते एकदाही फिरकले नव्हते. पुरस्काराची बातमी आली आणि हा माणूस पार बदलला. गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवता दाखवता मुलाचे गोल सांगू लागला. आज तर ऐन लग्नसराईत दुकान बंद करून, पांढरा फेटा बांधून आला होता.

"उद्या आप्पा म्हणतील, कसा मारलास ते दाखव," श्रीशैल म्हणाला. "मग काय दाखवू? वीस वर्सांनी माणूस खूश झालाय, आन् ते बी खोट्यावर."

"मग राहू दे की खूश. तुझं काय जातंय?"

तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं.

प्रमुख पाहुण्यांनी क्रिकेटवर सुरेख भाषण केलं. मग श्रीशैलच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आणि चषक आला आणि सूत्रसंचालकांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. श्रीशैलनं आप्पांकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता आभार मान आणि खाली उतर बाबा.

"तुमी माझे तीन गोल धरलेत," तो म्हणाला. "पण ते तिन्ही आमच्याच जाळ्यात गेलेत. त्यामुळं आमी तिन्ही मॅच हरलो. हे बक्षीस माझं न्हाय."

मग कुंडलिकराव उठले आणि टाळ्या वाजवू लागले. पाठोपाठ सगळं सभागृह उठलं. "एवढं यश मिळूनही केवढा हा विनय!" सूत्रसंचालक माइकवर म्हणाले. प्रमुख पाहुण्यांनी श्रीशैलला मिठी मारली. तो चषक परत द्यायला जाई आणि ते जास्तच भारावून त्याच्या हातात कोंबत. खरं बोलून माणूस इतका अडकलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

टाळ्या वाजवत नव्हते फक्त दोघे. एक आमच्या क्लबचे अध्यक्ष अनिलकुमार शेठ. तेही आमचा खेळ पेपरातच बघायचे. ते माझ्याकडे वळले.

"खरं हाय का बे हे?"

"व्हय शेठ."

"तिन्ही?"

"तिन्ही. पण शेठ, त्यानं वाचवलेले कुणी मोजले न्हाईत."

शेठनी ते ऐकलंच नाही.

दुसरे आप्पा. समारंभ संपल्यावर ते श्रीशैलजवळ आले, चषक हातात घेऊन उलटासुलटा बघितला.

"म्हंजे बॉल समोरच्याच्या घरात टाकायचा असतोय व्हय?"

"व्हय आप्पा."

"हौदा?" आप्पा कानडीत म्हणाले, म्हणजे 'असं होय?', आणि विचारात पडले. मला वाटलं, आता दर रविवारचं वाक्य येणार. पण ते म्हणाले, "मग एकदा बघाय पायजे. ह्या रविवारी येतो."

श्रीशैलचा चेहरा असा उजळला की चषक मिळाल्यावरही तसा उजळला नव्हता. सगळा आठवडा तो दुकान बंद झाल्यावर सरावाला आला. गुडघ्याला पट्टा बांधून धावायचा. मी हसलो तर म्हणाला, "हसतोस काय बे? आप्पा येणार हाईत."

रविवारी आप्पा आले, तोच फेटा बांधून. आणि सामन्याआधी अनिलकुमार शेठचा प्रशिक्षकांना फोन आला. श्रीशैलच्या जागी दुसरा पोरगा उतरला. मी भांडलो, अगदी ग्लोव्हज काढून फेकले. श्रीशैलनंच ते उचलून माझ्या हातात दिले आणि बाकावर जाऊन बसला. नवे मोजे, पॉलिश केलेले बूट, सगळं चढवून.

मला गोलमधून दोघंही दिसत होते. आप्पा समोरच्या कडेला उभे होते आणि चेंडू कुठं चाललाय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते बाकाकडे बघत होते. मध्यंतरापर्यंत थांबले, मग मैदानाला वळसा घालून, धोतर सावरत आले आणि श्रीशैलला सरकायला सांगून त्याच्याशेजारी टेकले. बाजू बदलून मी आता जिथं उभा राहिलो, तो गोल त्या बाकापासून हाकेवर होता.

"आज तुझं काम न्हाय व्हय?"

"न्हाय आप्पा."

आप्पांनी मान हलवली. दुकानात धंदा नसला की हलवतात तशीच. खेळ पुन्हा सुरू झाला. मग आप्पांनी विचारलं, "ह्यात आपली मान्सं कंची?"

श्रीशैल एकेकाकडे बोट करून सांगू लागला, कोण कुठला, कोण काय करतो. माझ्याकडे बोट झालं तेव्हा आप्पांनी मला हात केला. मीही केला. नवा पोरगा डावीकडे चुकला तो नेमका तेव्हाच, आणि चेंडू माझ्या अंगावरून जाळ्यात गेला.

जाळं हललेलं आप्पांना एवढं आवडलं की त्यांनी दोन्ही हात वर करून जोरजोरात टाळ्या वाजवल्या. आमचे सगळे वळून बघायला लागले. श्रीशैलनं त्यांना थांबवलं नाही. त्यांच्या खांद्यावरून घसरलेलं उपरणं नीट केलं आणि हळूहळू तोही टाळ्या वाजवू लागला.