मुलीचं नाव घेतलं म्हणून

मंगळवारी सकाळची शाळेची फेरी संपवली, बस डेपोत लावली आणि थेट आईच्या घरी गेले. माझी धाकटी बहीण केझाया तिथेच होती. सिझेरियन होऊन तिला सहा दिवस झाले होते. पलंगाच्या कडेला बसून ती दोन्ही तळहातांनी डोळे दाबत होती.

"ताई, डोकं फुटतंय. आणि डोळ्यांपुढे ठिणग्या उडतायत सारख्या."

केझाया कुरकुरणाऱ्यातली नाही. हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवते. लहानपणी हात मोडला तेव्हा या मुलीने आधी गृहपाठ संपवला आणि मग आईला सांगितलं होतं. मी तिचे पाय पाहिले. घोटे कुठे आहेत ते कळत नव्हतं. आईचं रक्तदाबाचं यंत्र तिच्या दंडाला बांधलं. वर एकशे शहात्तर, खाली एकशे चौदा.

"बिघडलं असेल गं," आई म्हणाली आणि स्वतःच्या दंडाला बांधून बघितलं. तिचा आकडा नेहमीचाच आला. मग तिने बाळाला उचलून खांद्याशी धरलं. "जा तुम्ही. आत्ता निघा."

केझायाचा नवरा कॉर्नेल ट्रक घेऊन टेक्ससला गेला होता, म्हणून गाडी मीच काढली. बाळंतपण झालं त्याच हॉस्पिटलात नेलं. तिचे सगळे कागद तिथे होते.

इमर्जन्सीच्या टेबलामागे एक गोरी नर्स बसली होती आणि तिला पाहून मला हायसं वाटलं. ती शेल्बी होती. तिची मुलगी एमरी दुसरीत, माझ्याच बसमध्ये. डॉगवूड लेनचा थांबा, सात वाजून चार मिनिटं. दोन वर्षं झाली, कामाची पाळी नसेल त्या प्रत्येक सकाळी ही बाई थांब्यावर उभी राहून मला हात करायची आणि मी तिला. बर्मिंगहॅमसारख्या शहरात ओळखीचं माणूस टेबलामागे सापडणं म्हणजे अर्धं काम झालं, असं वाटलं मला.

तिने मान वर केली. नजर माझ्यावरून पुढे निघून गेली.

"काय होतंय?"

केझायाने सगळं नीट सांगितलं, वर्गात सांगते तसं. डोकं कधीपासून दुखतंय, ठिणग्या कधीपासून, उजव्या बरगडीखाली कळ, घरी घेतलेला रक्तदाब.

"घरची ती स्वस्तातली यंत्रं काहीही दाखवतात," शेल्बी म्हणाली. तिने आपल्या यंत्राने मोजलं. मी वाकून पाहिलं. एकशे अडुसष्ट, एकशे दहा.

"बघा, इथेही तेच आहे," मी म्हणाले.

"तुम्ही दोघी घाबरून आलात, म्हणून वाढलाय. बसा, बोलावतील. डोकेदुखीवर नेमकी कुठली गोळी हवीय तुम्हाला?"

"गोळी मागायला नाही आले मी," केझाया म्हणाली. "मला तपासा."

"सगळे असंच म्हणतात, हनी."

आम्ही बसलो. एक तास गेला. घोटा मुरगळलेला एक गोरा पोरगा आमच्यानंतर आला आणि आमच्या आधी आत गेला. सर्दी झालेल्या एका आजीबाई आल्या, त्याही गेल्या. केझायाने जॅकेट डोक्यावर ओढून घेतलं, उजेड सोसवत नव्हता. मी दोनदा टेबलाशी जाऊन आले. पहिल्यांदा "प्लीज" म्हणाले, दुसऱ्यांदाही "प्लीज"च म्हणाले. आम्हा काळ्या बायकांना हे लहानपणीच शिकवलेलं असतं. आवाज चढवायचा नाही, हात खिशात घालायचे नाहीत, हसून बोलायचं. एवढं सगळं केलं.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा केझाया खुर्चीजवळच्या डब्यात ओकत होती.

"मॅडम, ती ओकतेय. ओली बाळंतीण आहे ती. कुणाला तरी बोलवा."

"रांग आहे. तुमच्यासाठी वेगळा नियम नाहीये." शेल्बीने स्क्रीनवरून डोळेही उचलले नाहीत.

तेव्हा मला वाटलं, आपण कोण ते हिला सांगावं. माणूस ओळखलं की माणूस मऊ पडतं, असं मी समजून होते.

"शेल्बी," मी म्हणाले, "अहो, मला ओळखलं नाहीत का? मी रेनिटा. तुमच्या एमरीला रोज सकाळी डॉगवूड लेनवरून नेते ना, ती मी."

ती एकदम ताठ झाली. खुर्ची मागे सरकली.

"काय म्हणालात?"

"एमरी. तुमची मुलगी. माझ्या बसमध्ये..."

"माझ्या मुलीचं नाव कशाला घेताय तुम्ही? आम्ही कुठे राहतो ते कशाला सांगताय मला?"

"अहो, मी तिची ड्रायव्हर आहे!"

"मला धमकी देताय?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की सगळ्या खुर्च्या आमच्याकडे वळल्या. "तुमचं काम झालं नाही तर माझ्या मुलीला काही कराल, असं म्हणायचंय तुम्हाला?"

दोन वर्षं त्या पोरीच्या दप्तराचा बंद मी लावून दिलाय, तिचा एक हातमोजा हरवला तेव्हा सगळी बस धुंडाळलीय. आणि ही बाई माझ्याकडे रस्त्यावरच्या दरोडेखोराकडे बघावं तशी बघत होती. मग माझा आवाज चढला. खोटं कशाला सांगू, चढलाच. "तुझ्या पोरीच्या केसाला कधी धक्का लागू दिला नाही मी, आणि तू माझ्या बहिणीला मारतेयस इथे!" असं म्हणाले. टेबलावर हात आपटला.

तिने लाल बटण दाबलं होतंच.

आलेला गार्ड आमच्यातलाच होता, ट्रुमन टार्व्हर. साठीचा, आमच्या चर्चच्या गायकवृंदात माझ्या मागच्या ओळीत उभा राहतो. मला धीर आला. तो आला आणि माझा दंड धरला.

"चल पोरी, बाहेर चल."

"ट्रुमनकाका, केझाया आहे ती. बघा तिच्याकडे."

"बघितलं मी. तुला बाहेर काढायला सांगितलंय, तिला नाही. पोलिसांना बोलवायची वेळ आणू नकोस."

"लाज वाटत नाही तुम्हाला?"

"नोकरीवर आहे मी," तो म्हणाला आणि दाराबाहेर पडेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. एक छापील कागद हातात दिला. वर्षभर या आवारात पाऊल टाकलं तर अटक होईल, असं त्यात लिहिलं होतं.

मी गाडी रस्त्यापलीकडे लावली आणि केझायाला फोन केला. तिचा आवाज जड येत होता. "तू काय बोललीस तिला? मघापासून इकडे कुणी फिरकतसुद्धा नाहीये. मी वेडी वाटतेय सगळ्यांना."

"निघून ये तू. दुसरीकडे जाऊ."

"नंबर येईल आता. उठले तर तोही जाईल."

आणखी सव्वा तासाने तिला आत घेतलं. एक तरुण डॉक्टर आला, चार मिनिटं उभ्या उभ्या बोलला. हे मला तिनेच नंतर सांगितलं. तो म्हणाला, पहिलं मूल आहे, झोप नाही, ताण आहे. तिने रक्तदाबाचं विचारलं तर म्हणाला, "तुमच्या लोकांमध्ये तो तसाही जास्तच असतो." डोकेदुखीच्या साध्या गोळ्या लिहून दिल्या, समुपदेशकाचा नंबर दिला आणि घरी पाठवलं.

ती काचेच्या दारातून एकटीच बाहेर आली, भिंतीला हात लावत लावत. मला रस्ता ओलांडून आवारात जाता येत नव्हतं. तरी गेले. ट्रुमन दारातच उभा होता, त्याने तोंड फिरवलं. तिला गाडीत घातलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलाकडे निघाले.

तिसऱ्या सिग्नलला ती म्हणाली, "ताई, मला तू दोन दिसतेयस." आणि पुढच्या क्षणी तिची मान मागे गेली, जबडा आवळला, सगळं अंग झटके देऊ लागलं. मी एका हाताने तिला धरलं, दुसऱ्याने हॉर्न दाबून ठेवला आणि सिग्नल तोडला. एकोणीस वर्षं बस चालवतेय, तोवर एकही तोडला नव्हता.

तिथल्या दारात एका नर्सने विचारलेला पहिलाच प्रश्न होता, "बाळंत होऊन किती दिवस?" मी सहा म्हणाले आणि ती पळत सुटली. दोन मिनिटांत केझायाच्या हातात सलाईन होतं, त्यात झटके थांबवणारं मॅग्नेशियम. एक डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, बाळंतपणानंतरही रक्तदाब असा चढतो, झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होतो. "आणखी उशीर झाला असता तर..." एवढंच म्हणाल्या. "आम्ही अकरापासून बसलो होतो," मी म्हणाले. तेव्हा पावणेतीन वाजले होते.

केझाया वाचली. पाच दिवस अतिदक्षता विभागात होती. डाव्या डोळ्याने तिला आता अक्षरं पाण्याखालच्यासारखी दिसतात. आणि तिचे काही दिवस पुसले गेले. बाळंतपण, मुलीचं पहिलं रडणं, घरी आणलं ती दुपार, काहीच आठवत नाही. बाळाचं नाव ओडेट ठेवायचं हे तिनेच ठरवलं होतं, तेही तिला कॉर्नेलने सांगितलं.

दोन आठवड्यांनी, एका सोमवारी, मला डेपोच्या ऑफिसात बोलावणं आलं. साहेब हॅस्किन्स. समोर एका पालकाची तक्रार. ड्रायव्हरने मुलीचं नाव आणि पत्ता घेऊन धमकावलं.

"तू तिचं नाव घेतलंस की नाही?" हॅस्किन्सने विचारलं.

"घेतलं. ओळख सांगायला."

"मग झालं तर."

"साहेब, माझ्या एकोणीस वर्षांत एक तरी तक्रार आहे?"

"म्हणूनच काढत नाहीये. मार्ग बदलतोय फक्त. आणि त्या बाईच्या वाटेला जाऊ नकोस."

मी आईच्या घरी आले ती धुमसतच. वाटलं होतं, केझाया तरी माझ्या बाजूने बोलेल. ती पलंगावर हॉस्पिटलातून मागवलेले कागद पसरून, एक डोळा झाकून वाचत होती.

"काय लिहिलंय ऐक," ती म्हणाली. "'रुग्णासोबतची नातेवाईक आक्रमक.' हे पहिल्या पानावर, सगळ्यात वर. माझं डोकं, माझा रक्तदाब, सगळं त्याच्या खाली. डॉक्टरने पहिलं हेच वाचलं असणार. कशाला घेतलंस गं तिच्या मुलीचं नाव?"

"म्हणजे चूक माझी?"

"तू गप्प बसली असतीस तर..."

"तर काय? एक तास गप्पच होते ना! तू तर शेवटपर्यंत गप्प होतीस. काय मिळालं तुला?"

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "बाळ झोपलंय!" आम्ही दोघी थांबलो. मी किल्ल्या उचलल्या आणि निघून गेले. नऊ दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. त्या रागाचं खापर कुणावर फोडायचं ते दोघींनाही ठाऊक होतं, पण ती माणसं हाताला लागत नव्हती. आम्ही एकमेकींच्या हाताला लागत होतो.

दहाव्या दिवशी तिचाच फोन आला. "डॉक्टरच्या कागदावर लिहिलंय, घरी सोडताना रक्तदाब एकशे अडतीस. ताई, टेबलानंतर कुणी पट्टा बांधलाच नाही मला. एकदाही नाही. मीटिंग मागितलीय मी. तू येतेयस."

"मला बंदी आहे तिथे."

"म्हणून लायब्ररीत ठेवलीय."

हॉस्पिटलकडून लॅंगफर्ड नावाची बाई आली. मोत्यांच्या कुड्या, मऊ आवाज. तिच्यासोबत एक वकील होता, तो तोंडच उघडत नव्हता.

"तुमचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं नाही असं तुम्हाला वाटलं असेल, तर आम्हाला त्याचं फार वाईट वाटतं," ती म्हणाली.

"मला वाटलं नाही," केझाया म्हणाली. "झालं." तिने कागद पुढे सरकवला. "एकशे अडतीस हा आकडा कुठून आला?"

"नोंद आहे म्हणजे मोजलं असणार."

"माझ्या वर्गात पोरं प्रयोग न करता आकडा लिहितात ना, तेव्हा मी शून्य देते. तुम्ही काय देता?"

लॅंगफर्डबाईने वकिलाकडे बघितलं. "आमच्या चौकशीत कर्मचाऱ्यांची चूक आढळलेली नाही. तुमच्या बहिणीवरची बंदी मात्र आम्ही सद्भावनेने उठवायला तयार आहोत. इथे सही केलीत तर सगळं मिटेल."

मी तो कागद उचलला. मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही. "राहू दे ती बंदी," मी म्हणाले. "तुमच्या दारात मला यायचंच नाही. पण मिटवायचं तुम्ही ठरवायचं नाही."

केझायाने सही केली नाही. राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे तक्रार घातली. आठ महिने झाले, उत्तर आलंय ते एवढंच, की प्रकरण विचाराधीन आहे. शेल्बी अजून त्याच टेबलामागे बसते. तो डॉक्टर कुठल्याशा मोठ्या शहरात गेला. ट्रुमन चर्चमध्ये अजून गातो; मी गायकवृंद सोडला.

त्या दिवशी लायब्ररीतून निघाल्यावर केझाया गाडीत बसली, पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाली, "सांग."

"काय?"

"ओडेटला घरी आणलं तो दिवस. तू होतीस ना?"

मी सांगितलं. तू पायरीवर थांबलीस आणि बाळाला आपल्या बाबांच्या फोटोला दाखवलंस. आईने कोंबडीचं सूप केलं होतं, ते तुला खारट लागलं. ओडेट शिंकली तेव्हा तू इतकी हसलीस की टाके धरून खाली बसलीस.

ती ऐकत होती, अनोळखी माणसाची गोष्ट ऐकावी तशी. एकदम तिने डॅशबोर्डवर मूठ आपटली. मग पुन्हा, आणखी जोरात.

"हसले होते मी?"

"खूप."

"तो माझा दिवस होता, ताई," ती म्हणाली. "माझा होता."

मी गाडी सुरू केली नाही. ती रडेल म्हणून तशीच बसून राहिले. पण ती रडली नाही. कागदांचा गठ्ठा मांडीवर घेतला, चांगला डोळा बारीक केला आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लागली.